हौशी सायकल शर्यतींची हंगामी क्रमवारी : गुण कसे द्यावेत

खान्देशात सायकल शर्यतींचा हंगाम लहान असतो. पावसाळा सरून रस्ते कोरडे झाले, की ऑक्टोबरच्या मध्यापासून तो सुरू होतो आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपता घ्यावा लागतो. कारण त्यानंतर ऊन असे चढते, की सकाळी नऊनंतर कोणालाही पूर्ण ताकदीने सायकल मारायला लावणे आयोजकाला शोभत नाही. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण आमच्याकडे मार्चअखेरीचे ऊनही हलक्यात घेता येत नाही. या पाच महिन्यांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या सायकलप्रेमींनी मिळून नऊ फेऱ्या घ्याव्यात आणि शेवटी त्यांची एकच क्रमवारी लावावी, असा विचार सध्या चालू आहे. गुणांचा हिशेब ठेवण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे, ते गुण कसे द्यावेत याविषयीचे माझे मत मी येथे सविस्तर मांडतो.

गुणांचे कोष्टक जाहीर झाले, की कोणत्या फेरीला यायचे, कोणती टाळायची, कुठे जोर लावायचा आणि कुठे धोका पत्करायचा, हे प्रत्येक सायकलस्वाराच्या मनात त्याच दिवशी ठरून जाते. म्हणून ‘सर्वांत चांगला कोण’ या प्रश्नाच्याही आधी, ‘या कोष्टकामुळे रविवारी सकाळी रस्त्यावर माणसे कशी वागतील’ हा प्रश्न विचारला पाहिजे. व्यावसायिक शर्यतीत रस्ता बंद असतो, मागे-पुढे पंचांच्या गाड्या असतात, रुग्णवाहिका असते. आपल्याकडे रस्ता सगळ्यांसाठी खुला असतो. त्यावर सावदा-रावेरहून निघालेले केळीचे ट्रक असतात, कापसाने भरलेले ट्रॅक्टर असतात, आणि फाट्यावर लाल झेंडी घेऊन आपलाच एखादा मित्र उभा असतो. अशा रस्त्यावर एका गुणासाठी माणूस काय करील, याची जबाबदारी कोष्टक करणाऱ्यावर येते.

वेळ मोजावा की गुण द्यावेत, हा वाद सायकल शर्यतींइतकाच जुना म्हणावा लागेल. टूर दी फ्रान्स ही अनेक टप्प्यांची शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली तेव्हा विजेता एकूण वेळेवर ठरला. १९०४ मध्ये इतकी फसवणूक झाली, की पहिल्या चारही क्रमांकांच्या सायकलस्वारांना नंतर अपात्र ठरवावे लागले. आणि मग १९०५ ते १९१२ अशी आठ वर्षे टूरचा निकाल गुणांवर लावला गेला. त्यात टप्प्यातला क्रमांक हाच गुणांचा पाया होता आणि ज्याचे गुण सर्वांत कमी, तो विजेता होता. १९१३ मध्ये आयोजक पुन्हा वेळेकडे वळले, आणि नेमक्या त्याच वर्षी ऑजेन क्रिस्तोफ या फ्रेंच सायकलस्वाराच्या सायकलीचा पुढचा चिमटा तूर्माले घाटाच्या उतारावर तुटला. दुरुस्तीला बाहेरची मदत घ्यायची नाही असा नियम असल्यामुळे तो सायकल घेऊन कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावी गेला, तिथल्या लोहाराच्या भट्टीवर त्याने चिमटा स्वतःच्या हाताने जोडला, आणि भाता हलवायला एका मुलाचा हातभार लागला म्हणून त्याला वर दंडही झाला. वेळेच्या हिशेबात त्याचे काही तास गेले आणि त्यांबरोबर टूरही गेली. गुणांच्या हिशेबात हेच नुकसान बरेचसे त्या एका टप्प्यापुरते राहिले असते. हौशी माणसाच्या हंगामात पंक्चर, चेन तुटणे, ऐनवेळी आलेला ताप, रात्रपाळी अशा गोष्टी नेहमीच्याच असतात. त्यांतली कोणतीही एक त्याच्या पाच महिन्यांवर बोळा फिरवू नये, एवढ्यासाठी आपल्याला गुणपद्धतीच हवी.

आता पहिला प्रश्न असा, की नऊपैकी किती फेऱ्यांचे गुण धरावेत? बहुतेक ठिकाणी सगळ्या फेऱ्यांची सरळ बेरीज करतात. ती करायला सोपी आहे. परंतु तिच्यात जिंकतो तो बहुधा ज्याच्याकडे रविवार मोकळे असतात तो. आमच्याकडे नोकरदार सायकलस्वार जसे आहेत तसेच शेतकरीही आहेत, आणि त्यांचा कामाचा काळ नेमका आपल्या हंगामावर येतो. चोपडा तालुक्यातले एक आप्पा, ज्यांना घाटात गाठणे तिशीतल्या मुलांनाही जड जाते, मला एकदा म्हणाले, “सर, व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी असताना मी सायकल घेऊन कसा निघू?” केळीचा घड त्या दिवशी कापावा लागला तर त्याच दिवशी कापावा लागतो, तो पुढच्या रविवारपर्यंत थांबत नाही. अशा माणसाला क्रमवारीतून बाद करणारे कोष्टक आपल्या मुलखाचे नव्हे.

उलट टोकाला सरासरी आहे. काही जण सुचवतात, की एकूण गुणांना सहभागाच्या संख्येने भागावे. यात होते असे, की दोन फेऱ्या जिंकलेला माणूस तिसऱ्या फेरीला येण्याचे टाळतो, कारण आता आला तर सरासरी खाली येण्याचीच शक्यता अधिक. ज्या पद्धतीत घरी बसणे शहाणपणाचे ठरते ती पद्धत कितीही बिनचूक दिसली, तरी शर्यतींच्या हंगामाला ती मारकच आहे.

या दोहोंमधला मार्ग म्हणजे सर्वोत्तम ठरावीक फेऱ्या धरणे. दहावीच्या निकालातल्या ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मुळे ही कल्पना महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे, आणि मीही नऊपैकी सर्वोत्तम पाचच म्हणतो. या पद्धतीवर नेहमी एक आक्षेप घेतला जातो, आणि त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मोटार शर्यतींमधले आहे. १९८८ च्या फॉर्म्युला वन हंगामात १६ शर्यती झाल्या आणि सर्वोत्तम ११ धरायच्या असा नियम होता. अ‍ॅलेन प्रोस्टचे एकूण गुण १०५ झाले, आयर्टन सेनाचे ९४. पण नियमानुसार धरलेल्या गुणांत सेनाचे ९० भरले आणि प्रोस्टचे ८७, आणि विजेता सेना ठरला. १९९१ पासून तेथे सगळ्या शर्यतींचे गुण धरले जाऊ लागले. हे उदाहरण देऊन ‘म्हणजे तुमची पद्धत त्यांनीच टाकून दिली’ असे मला सांगितले जाते. माझे उत्तर असे आहे, की व्यावसायिक चालकाचे प्रत्येक शर्यतीला जाणे हे कामच असते. त्याला सवलतीची गरज नाही. हौशी सायकलस्वाराचे काम दुसरीकडे असते. शिवाय १९८८ चा नियम हंगामाच्या आधी जाहीर होता, आणि सेनाने त्या वर्षी आठ शर्यती जिंकल्या होत्या, प्रोस्टने सात. तेव्हा तो निकाल अन्यायाचा होता असेही मला वाटत नाही.

परंतु ‘सर्वोत्तम पाच’ हा आकडा एकटा काही करत नाही. पहिल्या क्रमांकाला किती आणि पाचव्याला किती, म्हणजे कोष्टकाचा उतार किती, याच्याशी तो बांधलेला असतो. फॉर्म्युला वनमध्ये २०१० पासून चालत आलेले २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १ हे कोष्टक घेऊन पाहा. सगळ्या फेऱ्यांची बेरीज करायची ठरवली, तर चार वेळा येऊन चारही वेळा जिंकणाऱ्याचे १०० गुण होतात आणि फेऱ्या दहा असत्या, तर दहाही वेळा पाचवा येणाऱ्याचेही १००च. हे कोष्टक आपल्याला दुसऱ्याही कारणाने चालणार नाही: अकराव्या क्रमांकापासून पुढे सगळ्यांना शून्य. चाळीस जण धावले तर तीस जणांना घरी जाताना वहीत काहीच दिसणार नाही, आणि त्या तिसांमुळेच तर फेरी भरते. बत्तिसावा आलेल्याला एकतिसावा येण्याची इच्छा वाटली पाहिजे, आणि ती इच्छा कोष्टकाने मोजली पाहिजे.

म्हणून सामुदायिक रस्ता फेरीसाठी मी सुचवतो ते कोष्टक असे: पहिल्याला १००, दुसऱ्याला ९०, तिसऱ्याला ८२, चौथ्याला ७५, पाचव्याला ७०, सहाव्याला ६५, मग ६१, ५८, ५५ आणि दहाव्याला ५२. अकराव्याला ५० आणि तेथून विसाव्यापर्यंत दोन-दोन गुण कमी, म्हणजे विसाव्याला ३२. त्यापुढे एकेक गुण कमी होत १० पर्यंत यायचे, आणि १० च्या खाली कोणालाही न्यायचे नाही. ज्याने फेरी पूर्ण केली त्याला १० गुण हक्काचे. आता हिशेब करून पाहू. चार फेऱ्या जिंकून पाचव्यांदा न आलेल्याचे ४०० होतात. प्रत्येक वेळी येऊन दर वेळी पाचवा आलेल्याच्या सर्वोत्तम पाचांचे ३५० होतात. तीनच फेऱ्यांना येऊन तीनही जिंकणाऱ्याचे ३०० होतात आणि तो या पाचव्याच्या मागे राहतो. मला हा निकाल योग्य वाटतो. चार वेळा येऊन चारही वेळा सगळ्यांना मागे टाकणारा निर्विवाद श्रेष्ठ आहे. पण नऊपैकी तीनदाच दिसलेल्या माणसाला, तो कितीही वेगवान असला तरी, हंगामाचा मानकरी म्हणता येत नाही.

टाइम ट्रायल आणि घाट चढाई या फेऱ्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते येथेच बहुतेक कोष्टके फसतात. या प्रकारांत प्रत्येक जण एकटा सुटतो आणि स्वतःच्या ताकदीवर वेळ देतो. दुसऱ्याच्या चाकामागे लपायला जागा नसते. तेथे क्रमांकावर गुण दिले, तर पहिला आणि दुसरा यांच्यात एका सेकंदाचा फरक असला तरी १० गुण जातात, आणि दुसरा व तिसरा यांच्यात तीन मिनिटांचे अंतर असले तरी ८च जातात. हाताशी खरे माप असताना ते टाकून देण्यासारखे हे आहे. ब्रिटनमध्ये १९३० पासून चालत आलेल्या ‘बेस्ट ऑल-राउंडर’ स्पर्धेत पुरुषांच्या ५० मैल, १०० मैल आणि १२ तास अशा तीन टाइम ट्रायलमधल्या सरासरी वेगांवर क्रमवारी लावली जाते. तेथे क्रमांकाला महत्त्वच नाही. बर्फावरच्या स्कीइंगमध्येही आंतरराष्ट्रीय गुण विजेत्याच्या वेळेशी असलेल्या प्रमाणावरून काढतात.

आपण तेच सोप्या रूपात करू शकतो. पहिल्या तिघांच्या वेळांची सरासरी काढायची आणि तिला १०० गुण मानायचे. त्या सरासरीपेक्षा जितके टक्के जास्त वेळ लागला त्याच्या दुप्पट गुण वजा करायचे. जितके टक्के कमी लागला त्याच्या दुप्पट वाढवायचे. समजा, घाटात पहिल्या तिघांना ३०, ३१ आणि ३२ मिनिटे लागली. सरासरी ३१ मिनिटे. ३४ मिनिटे ६ सेकंदांत वर आलेल्याला १० टक्के जास्त वेळ लागला, म्हणून त्याला ८० गुण. ३७ मिनिटे १२ सेकंदांत आलेल्याला २० टक्के जास्त, म्हणून ६०. पहिला आलेला सरासरीपेक्षा सव्वातीन टक्क्यांच्या आसपास वेगवान आहे, त्याला १०६ गुण मिळतील, आणि ते त्याने घाटावर कमावलेले असतील. दुप्पट का, असे विचारले जाते. कारण साध्या टक्क्यांनी गुण दिले तर सगळे ऐंशी ते शंभरच्या दरम्यान कोंबले जातात आणि रस्ता फेरीच्या कोष्टकाशी त्यांचा मेळ बसत नाही. आणि पहिल्या तिघांची सरासरी अशासाठी, की एखाद्या रविवारी एकच असामान्य माणूस आला तर त्याच्या एकट्याच्या वेळेने बाकी सगळ्यांचे गुण खाली ओढले जाऊ नयेत. नाशिक-पुण्याहून पाहुणे म्हणून येणाऱ्यांचे आपण मनापासून स्वागत करतो; त्यांची वेळ निकालपत्रात छापावी, पण ही सरासरी हंगामासाठी नोंदणी केलेल्यांच्याच वेळांवरून काढावी.

टक्केवारी आली की काही जण बिचकतात. चाळीसगावजवळच्या पाटण गावी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केला, हे सांगणारा शिलालेख आजही आहे. त्या मुलखातल्या माणसांनी एवढ्या गणिताला घाबरू नये, असे मला मनापासून वाटते. फेरी संपल्यावर झाडाखाली बसून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर कोणालाही स्वतःचे गुण काढता आले पाहिजेत, ही माझी कसोटी आहे, आणि ही रीत त्या कसोटीला उतरते.

घोळक्याने येणाऱ्या रस्ता फेरीचा शेवट हा मात्र मला सर्वांत काळजीचा विषय वाटतो. यावल-फैजपूर बाजूच्या रस्त्यावर शेवटच्या किलोमीटरला दहा-बारा जण एकत्र आले, की प्रत्येकाची नजर पुढच्याच्या मागच्या चाकावर आणि अंतिम रेषेवर असते. समोरून येणाऱ्या गाडीकडे कोणाचीच नसते. डांबराची कड जेथे तुटलेली असते तेथे उजवीकडे सरकण्याखेरीज वाट नसते, आणि उजवीकडे म्हणजे समोरच्या वाहनाच्या बाजूला. अशा ठिकाणी तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकात सात गुणांचा फरक ठेवणे म्हणजे त्या सात गुणांसाठी कोपर घालायला सांगणे होय. टूरमध्येही घोळक्याने रेषा ओलांडणाऱ्या सगळ्यांना एकच वेळ देतात, आणि सपाट टप्प्यांवर शेवटच्या काही किलोमीटरमध्ये कोणी पडले तर त्याला त्याच्या घोळक्याचीच वेळ मिळते. सर्वाधिक गुणांच्या मानाच्या हिरव्या जर्सीसाठी मात्र तेथे क्रमांक मोजतात, आणि सपाट टप्प्याच्या विजेत्याला ५० गुण देतात. पण तो रस्ता बंद असतो, आणि त्या लोकांचा तो व्यवसाय असतो. आपण घोळक्यातल्या क्रमांकांचे गुण वाटून द्यावेत, असा माझा आग्रह आहे. तिसरा ते सहावा असे चौघे एकत्र आले, तर ८२, ७५, ७० आणि ६५ मिळून २९२, प्रत्येकाला ७३. ज्याला याहून अधिक हवे असतील त्याने आधीच्या चढावर घोळका फोडावा. त्यासाठी आयोजकांनी शेवटची रेषा चढावर ठेवावी, गावाच्या वेशीवर कधीही ठेवू नये.

याला जोडूनच रेल्वे फाटकाचा नियम. शक्यतो लोहमार्ग ओलांडणारा रस्ता निवडूच नये, पण सुरत-भुसावळ आणि मुंबई-भुसावळ असे दोन मार्ग आपल्या मुलखातून जात असल्यामुळे तो प्रत्येक वेळी टाळता येत नाही. २००६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाने आलेल्या तिघांना केवळ बंद फाटक ओलांडल्याबद्दल अपात्र ठरवण्यात आले होते. आपण याहून कडक असावे. फाटक लागले तर पुढच्यांनी थांबायचे, मागचे येतील तेव्हा आधीचे अंतर मोजून पुन्हा सोडायचे; आणि जो दांड्याखालून सायकल काढील त्याचे त्या फेरीचेच नव्हे, संपूर्ण हंगामाचे गुण रद्द करायचे.

लहान आणि मोठ्या फेऱ्यांचा प्रश्न अवघड आहे. जळगावच्या फेरीला साठ जण येतील, शहाद्याकडच्या फेरीला कदाचित बाराच येतील. दोन्हीकडे पहिल्याला १००च द्यायचे का? गुण कसे माणसांना भलतीकडे नेतात याचे उदाहरण व्यावसायिक सायकलिंगमध्ये ताजे आहे. २०२० ते २०२२ या तीन वर्षांच्या गुणांवर कोणते संघ वरच्या श्रेणीत राहणार हे ठरणार होते. तेव्हाच्या कोष्टकात टूर दी फ्रान्सचा एक टप्पा जिंकल्याबद्दल १२० गुण होते, आणि तुलनेने लहान अशा एका दिवसाच्या शर्यतीच्या विजयाला १२५. परिणामी खाली जाण्याच्या भीतीतले संघ मोठ्या शर्यती सोडून लहान शर्यतींमागे लागले. पुढे २०२३ पासून टूरच्या टप्प्याचे गुण वाढवून २१० करावे लागले. हे पाहून आमच्यातले काही जण म्हणतात, की येणाऱ्यांच्या संख्येने गुणावे: साठ आले तर पूर्ण गुण, तीस आले तर निम्मे. मला हे मान्य नाही. असे केले, तर नंदुरबार जिल्ह्यातल्या फेरीला गुण कमी म्हणून माणसे कमी, आणि माणसे कमी म्हणून गुण आणखी कमी, असे होऊन दोन वर्षांत ती फेरी बंद पडेल. आणि त्याच जिल्ह्यातल्या, हजार मीटरच्या वर असलेल्या तोरणमाळसारखा घाट आपल्याकडे दुसरा नाही. माझा तोडगा सौम्य आहे. रस्ता फेरीला पंधराहून कमी जण आले तर कोष्टक एक घर खाली सरकवावे, म्हणजे पहिल्याला ९०, दुसऱ्याला ८२ याप्रमाणे. लहान फेरी हेरून जाणाऱ्याचा फायदा त्याने आटोक्यात राहतो, आणि आयोजकांचा हुरूपही टिकतो. घाट आणि टाइम ट्रायलमध्ये गुण वेळेवर असल्यामुळे तेथे हा नियम लावू नये.

नऊ फेऱ्यांपैकी तीन टाइम ट्रायल, तीन घाट आणि तीन रस्ता फेऱ्या असाव्यात, आणि धरायच्या पाचांत तिन्ही प्रकारांतली निदान एकेक असावी. सपाटीवर उडणाऱ्याने घाटाला यायचे टाळू नये आणि हलक्या अंगाच्या चढाईपटूने गिरणाकाठच्या वाऱ्याला तोंड द्यावे, एवढाच त्यात हेतू आहे. अंतरानुसार गुण वाढवण्याची सूचनाही येते. ती स्वीकारू नये. १०० किलोमीटरच्या फेरीला २० किलोमीटरच्या पाचपट गुण दिले, तर बाकीच्या फेऱ्या नावापुरत्या उरतील.

आता स्वयंसेवकांविषयी, ज्यांच्याबद्दल कोष्टकात सहसा अक्षरही नसते. आपल्या फेऱ्यांत वेळ टिपणारा, वळणावर उभा राहणारा, पाण्याचे जार वाहणारा हा बाहेरून आलेला माणूस नसतो. तोही सायकलस्वारच असतो आणि त्या दिवशी त्याने आपली शर्यत सोडलेली असते. पहाटेच्या थंडीत, पालच्या रस्त्यावर सातपुड्यातून येणारा गार वारा अंगावर घेत, हातात स्टॉपवॉच आणि गुडघ्यावर वही ठेवून बसलेल्या माणसाला मी पाहिले आहे. पेनातली शाई उतरेना म्हणून तो पेन दर दोन मिनिटांनी तळहातावर चोळत होता, आणि एकाचीही वेळ त्याने चुकू दिली नाही. अशा प्रत्येकाला हंगामात एका फेरीपुरते, त्याच्या स्वतःच्या सर्वोत्तम चार फेऱ्यांच्या सरासरीइतके गुण मिळावेत. ब्रिटनमधल्या अनेक क्लबांत अशा कामाला गुण देण्याची पद्धत आहे. एकापेक्षा जास्त फेऱ्यांना मात्र ही सवलत देऊ नये, नाही तर क्रमवारी सायकलीवरून उतरून खुर्चीवर बसेल.

याच न्यायाने, अपघातात पडलेल्यासाठी जो थांबला त्याचा क्रमांक तो थांबला त्या क्षणी जो होता तोच धरावा, आणि वेळेच्या फेरीत त्याला त्याची सरासरी द्यावी. पाल ते रावेर या पट्ट्यात किंवा तोरणमाळच्या उतारावर रुग्णवाहिका यायला वेळ लागतो. पडलेल्याचे डोके धरून बसलेल्या मुलीच्या बाजूने सात-आठ सायकली निघून गेल्या, आणि निकालात ती त्या सगळ्यांच्या मागे लागली, असे आपल्या क्रमवारीत कधीही होता कामा नये. पडताळणीसाठी दोघांची साक्ष पुरे. खोटे सांगून गुण घेणारा एखादा निघेलही. तरीही हा नियम हवाच.

महिलांची यादी स्वतंत्र असावी आणि तिला कोष्टक पूर्ण तेच असावे. तेथे संख्या कमी आहे म्हणून एक घर खाली सरकवण्याचा नियम लावू नये. त्या यादीतली स्पर्धा त्यांच्याच आपसातली असल्यामुळे संख्येचा प्रश्न तेथे उद्भवत नाही, आणि विजेतीला ९० गुण देऊन आपण तिला फक्त तुझे जिंकणे थोडे कमी आहे एवढेच सांगू. सहाहून कमी जणी आल्या तर वेळेच्या फेरीत तिघींच्या सरासरीऐवजी पहिलीचीच वेळ १०० धरावी. वयाचे गट ४०, ५० आणि ६० वर्षांपुढचे असावेत, वय हंगामाच्या पहिल्या दिवसाचे धरावे, आणि प्रत्येक गटाची क्रमवारी नव्याने लावावी. खुल्या यादीतले गुण गटाच्या यादीत उचलून टाकण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे, तिने वरच्या वयोगटांत गुणांचे अंतर उगाच आकसते.

ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचे अंतर पूर्ण करण्याच्या, राइड क्रमवारीत धराव्यात का, हे दरवर्षी विचारले जाते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पूर्ण करणे ही मोठीच कामगिरी आहे, आणि एका हंगामात चारही पूर्ण करून सुपर रँडोनर झालेल्यांचा मला अभिमान आहे. पण ती शर्यत नाही; तेथे पहिला-दुसरा नसतो, वेळेच्या आत आलेले सगळे सारखे. त्या प्रकाराला गुण लावले तर रात्रीच्या अंधारात महामार्गावर माणसे घाई करू लागतील. त्यासाठी सातत्याची वेगळी यादी करून त्यांचा वेगळा सत्कार करावा. स्ट्राव्हा या मोबाइल अ‍ॅपवर रस्त्याच्या ठरावीक तुकड्यांच्या (सेगमेंटच्या) नोंदल्या जाणाऱ्या वेळा धरण्यालाही माझा ठाम विरोध आहे. एकट्याने, वाऱ्याची दिशा पाहून, कोणीही झेंडी धरून उभे नसताना दिलेली वेळ ही शर्यतीतली वेळ नव्हे.

कोष्टक दसऱ्याच्या आधी छापून तिन्ही जिल्ह्यांत वाटावे आणि पहिली फेरी सुटल्यावर त्यातला एकही आकडा बदलू नये, चूक लक्षात आली तरी. सुधारणा पुढच्या हंगामासाठी लिहून ठेवावी. प्रत्येक फेरीचा निकाल त्याच संध्याकाळी गुणांसह जाहीर व्हावा आणि हरकतीला बुधवारपर्यंत मुदत असावी.

शेवटी बरोबरी झाली तर काय? पाचही फेऱ्यांची बेरीज सारखी भरली, तर त्या दोघांनी एकत्र भाग घेतलेल्या फेऱ्यांत कोण जास्त वेळा पुढे होता ते पाहावे. तेही सारखे असेल तर सहाव्या क्रमांकाची फेरी, म्हणजे धरली न गेलेली पुढची सर्वोत्तम फेरी, मोजावी. ज्याच्याकडे ती असेल तो अधिक वेळा आला आहे, आणि हौशी खेळात अधिक वेळा येणाऱ्याला झुकते माप देणे मला रास्त वाटते. त्यानेही निकाल लागला नाही, तर चिठ्ठी टाकू नये. दोघांची नावे एकाच ओळीत लिहावीत आणि दोन चषक आणावेत.